सासूबाईंच्या पेन्शनमधली न मोजलेली वर्षे

जर्मनीच्या एकीकरणाला किती खर्च आला, असे विचारले की अर्थतज्ज्ञ साधारण दीड ते दोन लाख कोटी युरो असा अंदाज देतात. या रकमेतला सर्वांत मोठा वाटा रस्ते, पूल आणि कारखाने यांचा नाही. तो निवृत्तिवेतन आणि बेकारभत्ता यांसारख्या सामाजिक देण्यांचा आहे. या देशात आल्यापासून हा आकडा मी अनेकदा ऐकला होता, आणि बहुतेक वेळा तो सांगणाऱ्याच्या बोलण्यात ‘आम्ही भरले, त्यांनी घेतले’ असा सूर असे. हिशेबाची दुसरी बाजू मला दिसली ती 2023 आणि 2024 मध्ये, माझ्या सासूबाईंच्या पेन्शनचे कागद गोळा करताना. आम्ही दोन अर्ज केले. एक केंद्र सरकारच्या हलाखी निधीकडे होता आणि दुसरा पेन्शनच्या जुन्या निर्णयाची फेरतपासणी व्हावी म्हणून पेन्शन विमा संस्थेकडे होता. पूर्व जर्मनीत उमेदीची वर्षे काढलेल्या वडीलधाऱ्यांचे असे कागद अजून अनेक घरांत कपाटांत पडून आहेत, आणि त्यांतल्या काही घरांत माझ्यासारख्या लग्न होऊन आलेल्या मराठी सुनाही आहेत. त्यांना वाट थोडी सोपी व्हावी म्हणून जसे घडले तसे क्रमाने लिहिते.

सासूबाईंचा जन्म 1949 चा, थ्युरिंगियातल्या ग्राइत्सजवळच्या एका लहान गावातला. सतराव्या वर्षी त्या कापडगिरणीत शिकाऊ म्हणून लागल्या. 1970 मध्ये लग्न झाले आणि पुढे दोन मुले झाली. धाकट्या मुलाच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, जन्मानंतर त्यांचे सासरे अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांची शुश्रूषा करण्यासाठी त्या काही वर्षे घरी राहिल्या. 1986 मध्ये घटस्फोट झाल्यावर मुलांना घेऊन त्या गेरा शहरात आल्या आणि तिथल्या एका गिरणीत रुजू झाल्या. एकीकरणानंतर ती गिरणी बंद पडली. मग कधी सरकारी रोजगार योजनेतले काम, कधी नव्या धंद्याचे प्रशिक्षण, कधी नुसतीच बेकारी, आणि शेवटी विमा न भरला जाणारी साफसफाईची कामे, असे करत 2014 मध्ये त्या निवृत्त झाल्या. सर्व वजावट होऊन त्यांच्या हातात महिन्याला सव्वासातशे युरोंच्या आसपास रक्कम येत असे. दोन खोल्यांचे भाडे आणि हिवाळ्यातले तापवणीचे बिल भागवल्यावर किती उरते, हे त्यांनी आम्हाला कधी सांगितले नाही. सामाजिक साहाय्यासाठी अर्ज करण्याचा विषय काढला की त्या उठून चहा करायला जात.

नोव्हेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारने ‘हार्टेफालफोंड्स’ म्हणजेच हलाखी निधीला मंजुरी दिली. पेन्शनच्या एकीकरणात ज्यांचे हक्क बुडाले आणि ज्यांचे निवृत्तिवेतन फार तुटपुंजे आहे, अशांना एकरकमी मदत देण्यासाठी केंद्राने 50 कोटी युरो बाजूला काढले होते. सोव्हिएत प्रदेशांतून आलेले जर्मन वंशाचे लोक आणि तिथून आलेले ज्यू निर्वासित यांनाही या निधीचा लाभ होता. पूर्व जर्मनीपुरते बोलायचे, तर त्यात रेल्वे, टपाल, आरोग्यसेवा अशा काही व्यवसायांतले लोक होते, आणि घटस्फोटित स्त्रिया होत्या. घटस्फोट 1992 पूर्वी झालेला असावा, लग्न किमान दहा वर्षे टिकलेले असावे, त्या काळात मूल वाढवलेले असावे आणि 1 जानेवारी 2021 रोजी हाती येणारे निवृत्तिवेतन 830 युरोंपेक्षा कमी असावे, अशा अटी होत्या. सासूबाई सगळ्यांत बसत होत्या.

घटस्फोटित स्त्रियांचाच वेगळा गट का, हे समजल्याशिवाय अर्ज नीट भरता येत नाही, म्हणून थोडे सांगते. पश्चिम जर्मनीत 1977 पासून घटस्फोटाच्या वेळी पतिपत्नींनी लग्नकाळात मिळवलेले पेन्शनचे हक्क दोघांत वाटले जात. पूर्व जर्मनीत अशी वाटणी नव्हती, कारण जवळजवळ सगळ्याच स्त्रिया नोकरी करत आणि ज्या मुलांसाठी किंवा घरातल्या आजाऱ्यासाठी काही काळ थांबत, त्यांना महिन्याला 3 मार्क भरून आपला हक्क जिवंत ठेवता येई. 1 जानेवारी 1992 पासून पश्चिमेचा पेन्शन कायदा पूर्वेला लागू झाला. त्यात महिना 3 मार्क भरून टिकवलेल्या वर्षांना मोल उरले नाही, आणि पश्चिमेकडची वाटणीही या स्त्रियांना मागे जाऊन मिळाली नाही. दोन व्यवस्थांच्या सांध्यात त्या अडकल्या. त्यांच्या संघटनेने हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रीहक्कविषयक समितीपर्यंत नेला, आणि त्या समितीने 2017 मध्ये जर्मनीला भरपाईची योजना करण्याची शिफारस केली. एवढे होऊन निधी आला तोवर अनेक जणी वारल्या होत्या.

जानेवारी 2023 मध्ये आम्ही सासूबाईंच्या कपाटातली फाईल काढली. त्यात 2014 चा पेन्शनचा निर्णय आणि त्याला जोडलेला विमाकाळाचा तक्ता होता. हा तक्ता प्रत्येकाने ओळीओळीने वाचावा, असे मी आग्रहाने सांगेन. आमच्या तक्त्यात 1986 च्या शरद ऋतूपासून 1990 च्या मध्यापर्यंत काहीही नव्हते. त्या काळात त्या गेराच्या गिरणीत तीन पाळ्यांत काम करत होत्या.

पूर्व जर्मनीत प्रत्येक कामगाराकडे काम आणि सामाजिक विमा यांचे एक हिरवे पुस्तक असे. मालक दरवर्षी त्यात कामाचा कालावधी आणि वेतन लिहून शिक्का मारी, आणि दवाखान्याच्या नोंदीही त्यातच होत. माझी आई सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. निवृत्तीच्या वेळी तिच्या सेवापुस्तकाला जे महत्त्व आले, तेच इथे या हिरव्या पुस्तकाला आहे. सासूबाईंचे पहिले पुस्तक 1986 मध्ये भरले. दुसरे पुस्तक 1990 मध्ये गिरणीच्या कर्मचारी विभागाने शेवटच्या नोंदी करण्यासाठी मागून घेतले आणि ते परत आलेच नाही. नव्वदीच्या मध्यावर पेन्शन विमा संस्थेने पूर्वेतल्या लोकांना आपापली वर्षे तपासून कळवण्यासाठी पत्रे पाठवली, तेव्हा सासूबाई एका प्रशिक्षणातून दुसऱ्या प्रशिक्षणात जात होत्या आणि ते पत्र न उघडता खणात गेले. 2014 मध्ये निर्णय आला तेव्हाही त्यांनी हरकत घेतली नाही. ‘पैसे येताहेत ना,’ एवढेच त्या म्हणाल्या होत्या.

फेब्रुवारीत आम्ही पेन्शन विम्याच्या मानद सल्लागाराची वेळ घेतली. हे स्वयंसेवक विनामूल्य भेटतात, अर्ज भरून देतात, मूळ कागद पाहून साक्षांकित प्रतीही करून देतात. म्हणून मूळ कागद टपालाने पाठवण्याची गरज नसते. आम्हाला भेटलेले गृहस्थ स्वतः निवृत्त रेल्वे कर्मचारी होते आणि अशा फायलींत मुरलेले होते. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या, ज्या मला कुठल्याही पत्रकात एवढ्या स्पष्टपणे सापडल्या नव्हत्या.

पहिली अशी की जुन्या निर्णयाच्या फेरतपासणीला मुदत नाही, पण थकबाकी मिळते ती जास्तीत जास्त मागच्या चार वर्षांची, आणि ती वर्षे अर्ज केलेल्या वर्षाच्या 1 जानेवारीपासून मागे मोजतात. म्हणजे 2023 मध्ये कधीही अर्ज दिला तर 2019 च्या सुरुवातीपासूनचे पैसे, आणि 2024 च्या जानेवारीत दिला तर एक पूर्ण वर्ष गेले. पुरावे नसले तरी आधी दोन ओळींचा अर्ज देऊन ठेवावा आणि पुरावे मागाहून जोडावेत, असे त्यांनी सुचवले. आम्ही त्यांच्यासमोरच तो लिहिला.

दुसरी गोष्ट जास्त अवघड होती. फेरतपासणी यशस्वी झाली तर निवृत्तिवेतन 2019 पासून वाढणार, म्हणजे 1 जानेवारी 2021 रोजीचेही वाढणार. ते 830 युरोंच्या वर गेले तर हलाखी निधीची पात्रताच धोक्यात येईल. दोन्ही अर्ज एकमेकांच्या मुळावर येतात की काय, ही धास्ती आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा वाटली. सल्लागारांनी कागदावर गणित मांडले. सगळी वर्षे मान्य झाली तरी त्या तारखेची रक्कम आठशेच्या थोडी वर, पण 830 च्या आतच राहत होती. आमचे निभावले. ज्यांची रक्कम सीमेवर होती, त्यांना मात्र आयुष्यभराची थोडी वाढ की एकदाच मिळणारी मदत, असा विचित्र विचार करावा लागला असणार.

2021 मध्ये सुरू झालेल्या मूलभूत पेन्शनवाढीचाही विषय निघाला. तिच्यासाठी किमान 33 वर्षे लागतात. त्यात नोकरी, मुलांचे संगोपन आणि शुश्रूषा मोजतात, पण बेकारीची वर्षे मोजत नाहीत. सासूबाईंची हरवलेली वर्षे धरूनही 33 भरत नव्हती. कारखाने एका झटक्यात बंद होण्याची किंमत अशीही वसूल होते: आधी नोकरी जाते, आणि तीस वर्षांनी त्या बेकारीमुळे कमी पेन्शनवाल्यांसाठीची सवलतही हुकते.

निधीचा अर्ज बोखुम शहरातल्या कार्यालयाकडे पाठवायचा होता. त्यासाठी विवाहाचा दाखला आणि घटस्फोटाचा हुकूमनामा लागणार होता. विवाहाचा दाखला पेन्शनच्या कामासाठी हवा आहे असे नगरपालिकेत सांगितले की त्याचे शुल्क घेत नाहीत. हे आपणहून सांगावे लागते. हुकूमनाम्यासाठी जुन्या जिल्हा न्यायालयाच्या फायली आता ज्या न्यायालयाकडे आहेत तिथे लेखी मागणी करावी लागली आणि तो हाती यायला दोनएक महिने गेले. हुकूमनामा अंतिम झाल्याचा शिक्का त्यावर आहे की नाही, हे पाहून घ्यावे. आम्ही मार्चमध्ये अर्ज पाठवला आणि ‘हुकूमनामा मागाहून पाठवत आहोत’ असे त्यावर लिहिले. प्रत्येक पाकीट नोंदणी करून पाठवले; दर खेपेस जवळपास चार युरो गेले, पण पोचल्याचा पुरावा हाती राहिला.

त्याच महिन्याच्या अखेरीस आणखी एक गोष्ट ठरायची होती. केंद्राची मदत 2,500 युरोंची होती. जी राज्ये 31 मार्च 2023 पर्यंत निधीत सामील होतील, तिथल्या रहिवाशांना 5,000 मिळणार होते. थ्युरिंगिया सामील झाले, मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न झाले, बर्लिन, हाम्बुर्ग आणि ब्रेमेन झाले. सॅक्सनी झाले नाही. गेरापासून सॅक्सनीची हद्द मोटारीने फार दूर नाही. सासूबाईंची एक जुनी मैत्रीण हद्दीपलीकडे राहते. तिचा घटस्फोटही त्याच कायद्याखाली झाला आणि तिने भरलेले 3 मार्कही तेच होते, पण तिला निम्मी रक्कम मिळाली. एवढ्या थकलेल्या प्रश्नाचा शेवट राज्यांच्या खजिन्यांवर सोडून देणे मला आजही पटलेले नाही.

एप्रिलपासून गिरणीच्या नोंदींचा शोध सुरू झाला. पूर्व जर्मनीच्या कारखान्यांची पगारपत्रके जपून ठेवण्याचे बंधन 31 डिसेंबर 2011 रोजी संपले. बंद पडलेल्या कारखान्यांच्या अशा फायली खासगी गोदामांत ठेवलेल्या होत्या, आणि मुदत संपल्यावर त्यांतल्या पुष्कळशा नष्ट केल्या गेल्या. आम्ही एका गोदामाला लिहिले. सहा-सात आठवड्यांनी दोन परिच्छेदांचे उत्तर आले: संबंधित कारखान्याची वेतनविषयक कागदपत्रे आता उपलब्ध नाहीत. उत्तर नकारार्थी असले तरी ते लेखी मागून घ्यावे आणि जपून ठेवावे. पुरावा शोधूनही मिळाला नाही, हे दाखवल्याशिवाय पुढचा मार्ग खुला होत नाही.

तो पुढचा मार्ग म्हणजे संभाव्यतेच्या आधारावर वर्षे मान्य करून घेणे. सहकाऱ्यांचे लेखी जबाब, स्वतःचे प्रतिज्ञापत्र, जुनी छायाचित्रे, पदके, बढतीची पत्रे असे जे काही असेल ते जोडायचे. अशी मान्य झालेली वर्षे पूर्ण धरत नाहीत, पाच-षष्ठांश धरतात. वेतनाचा आकडा मात्र पूर्वेतल्या मार्कांतच अडकून राहत नाही. पूर्वेतले वेतन पश्चिमेच्या सरासरीशी जुळावे म्हणून ते वर्षानुसार ठरलेल्या गुणकाने वाढवून घेतात, आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटच्या वर्षांसाठी तो गुणक तिनाहून अधिक आहे. पूर्वेला पेन्शनमध्ये नुसता तोटाच झाला असे म्हणता येत नाही ते यामुळे. ज्यांनी पूर्ण काळ नोकरी केली आणि ज्यांचे कागद शाबूत होते, त्या स्त्रियांचे निवृत्तिवेतन पश्चिमेतल्या त्यांच्या वयाच्या गृहिणींपेक्षा बरेच चांगले निघाले. 1 जुलै 2023 रोजी पेन्शनचा एक गुण, म्हणजे पेन्शन मोजण्याचे एकक, पूर्वेतही आणि पश्चिमेतही 37.60 युरोंचा झाला, ठरल्यापेक्षा एक वर्ष आधी. म्हणजे दर सारखा व्हायला एकीकरणानंतर तेहतीस वर्षे लागली.

त्याच उन्हाळ्यात नणंदेकडे सगळे जमले होते. ती बव्हेरियात राहते, तिचा नवरा तिथलाच. जेवताना त्याने विचारले, ‘अजून किती द्यायचे आम्ही?’ त्याच्या मनात एकीकरणाच्या नावाने आयकरावर लावलेला एकता अधिभार होता. हा अधिभार 1991 मध्ये आला, 1995 पासून कायम झाला, 1998 पासून आयकराच्या साडेपाच टक्के राहिला आणि 2021 मध्ये सुमारे नव्वद टक्के करदात्यांसाठी रद्द झाला. तो पूर्वेतलेही भरत होते. 2013 मध्ये थ्युरिंगियातल्याच येना शहरात नोकरीला लागल्यापासून माझ्या पगारातूनही तो कापला जात होता. साताऱ्याच्या बाईने जर्मनीच्या एकीकरणाला दिलेली ती वर्गणी म्हणायची. शिवाय तो पूर्वेसाठी राखून ठेवलेला नव्हता, केंद्राच्या सर्वसाधारण तिजोरीत जाई. मी हे सांगितल्यावर नंदावा थोडा वेळ गप्प बसला आणि मग सासूबाईंचे कागद पाहायला मागितले. त्याला 3 मार्कांची गोष्ट ठाऊक नव्हती. नणंदेने ती त्याला आजवर सांगितलेलीही नव्हती.

सल्लागारांनी राज्य अभिलेखागारात चौकशी करायला सुचवले होते. कारखान्यांची पगारपत्रके तिथे क्वचितच असतात, पण इतर फायली असतात. रूडोलश्टाट गावातल्या हायडेक्सबुर्ग राजवाड्यात पूर्वीच्या गेरा जिल्ह्याचे अभिलेख आहेत. जुलैत लेखी विनंती केली, सासूबाईंच्या ओळखपत्राची प्रत आणि मला सोबत बसण्याचे संमतिपत्र जोडले, आणि सप्टेंबरमध्ये वाचनकक्षात जागा मिळाली. बसायला पैसे पडत नाहीत. प्रती काढायला थोडेफार युरो लागतात. जाण्यापूर्वी फाईल मागवून ठेवावी लागते, ऐनवेळी मागून मिळत नाही.

गिरणीच्या पेटीत आम्हाला सासूबाईंच्या तुकडीची दैनंदिनी सापडली. पूर्व जर्मनीच्या कारखान्यांत प्रत्येक तुकडीने अशी वही ठेवायची असे. त्यात उत्पादनाची उद्दिष्टे, 8 मार्चचा महिला दिन, नाटकाची सहल, कुणाला मूल झाले, कुणाची पाळी बदलली, असे सगळे हाताने लिहिलेले असे आणि मधूनमधून छायाचित्रे चिकटवलेली असत. 1987 च्या एका पानावर वीसएक बायका मागासमोर उभ्या आहेत आणि खाली प्रत्येकीचे नाव आहे. सासूबाई दुसऱ्या रांगेत आहेत. त्यांचे नाव पुढे पाळीच्या नोंदींत अनेकदा येते. शेवटची नोंद ऑक्टोबर 1989 ची आहे, पूर्व जर्मन प्रजासत्ताकाच्या चाळिसाव्या वर्धापनदिनाची, आणि पुढची पाने कोरी आहेत.

मी प्रतींचा अर्ज भरत असताना सासूबाई त्या छायाचित्रावर बोट ठेवून एकेकीचे पुढे काय झाले ते सांगत होत्या. ही 1990 च्या फेब्रुवारीत श्टुटगार्टला गेली. हिने आधी फुलांच्या सजावटीचे, मग संगणकाचे, मग वृद्धशुश्रूषेचे प्रशिक्षण घेतले आणि तिन्हींत काम मिळाले नाही. हिच्या मुली पश्चिमेला गेल्या, ती एकटी आहे. हिचा नवरा दारूत गेला. ही बरी आहे, हिचे भाऊ हॉटेल चालवतात. पूर्वेतून पश्चिमेत गेलेल्यांतून परत आलेले वजा केले, तरी 1991 ते 2017 या काळात सुमारे 12 लाख माणसे उणी होतात. जाणाऱ्यांत तरुण आणि त्यातही तरुण मुली अधिक होत्या. 1989 मध्ये पूर्वेत सुमारे 2 लाख मुले जन्मली होती. 1994 मध्ये ती 80 हजारांच्या आत आली. आपल्या पायाखाली काय राहणार हे ठाऊक नसताना बायकांनी मूल होऊ देणे थांबवले. गेराची लोकसंख्या 1989 मध्ये 1 लाख 34 हजारांच्या आसपास होती. आता ती 95 हजारांच्या आसपास आहे. शाळा बंद झाल्या, आणि सासूबाई ज्या वसाहतीत राहत होत्या तिथल्या काही इमारती सरकारी खर्चाने पाडून टाकल्या, कारण रिकाम्या घरांची देखभाल परवडत नव्हती. पाडण्याचा खर्च एकीकरणाच्या हिशेबात धरलेला असतो. त्या इमारतींत राहणारी माणसे निघून गेल्याने झालेला तोटा कुणाच्या खात्यावर मांडायचा, हे मला कुठल्याच तक्त्यात दिसलेले नाही.

गिरण्या टिकणे तसेही अवघड होते, हे सासूबाईही नाकारत नाहीत. यंत्रे जुनी होती, आणि 1 जुलै 1990 च्या चलन-एकीकरणात वेतन एकास एक दराने पश्चिमेच्या मार्कांत आले, तेव्हा पूर्वेचा माल एका रात्रीत महाग झाला. पोलंड, हंगेरी, सोव्हिएत संघ ही गिऱ्हाइके तो घेईनाशी झाली. बचतीपैकी प्रौढांचे 4,000 आणि वयस्करांचे 6,000 मार्क एकास एक बदलून मिळाले, त्यापुढचे निम्म्या भावाने. लोकांना हेच हवे होते आणि न दिले असते तर आणखी लोक निघून गेले असते. खासगीकरण करणारी ट्रॉयहांड ही संस्था 1994 च्या शेवटी बंद झाली तेव्हा ती नफ्यात नव्हती. 200 अब्ज मार्कांहून अधिक देणे मागे ठेवून गेली. सासूबाईंच्या गिरणीला कुणी गिऱ्हाईक मिळाले नाही. यंत्रे भंगारात गेली, आणि कर्मचारी विभागातल्या हिरव्या पुस्तकांचे काय झाले ते कुणालाच सांगता आले नाही.

ऑक्टोबरमध्ये दैनंदिनीतल्या नावांवरून आम्ही साक्षीदार शोधले. दोघी मिळाल्या: श्टुटगार्टला गेलेली, आणि गेरातच राहणारी एक. जबाबात ‘आम्ही एकत्र काम करत होतो’ एवढे पुरत नाही. कुठल्या विभागात, कोणत्या पाळीत, कधीपासून कधीपर्यंत, आठवड्याला किती तास आणि हे आपल्याला कसे ठाऊक, असे सगळे लिहावे लागते, आणि साक्षीदाराच्या स्वतःच्या हिरव्या पुस्तकातल्या त्या पानाची प्रत जोडली तर जबाबाला वजन येते. गेरातल्या बाईंनी ती लगेच दिली. श्टुटगार्टच्या बाईंनी आधी फोनवर नकार दिला. त्या काळाबद्दल आपल्याला बोलायचे नाही, असे म्हणाल्या. पंधरा दिवसांनी पाकीट आले, त्यात जबाब होता, पुस्तकाची प्रत होती आणि सासूबाईंसाठी वेगळी बंद चिठ्ठी होती. चिठ्ठी मी वाचली नाही.

नोव्हेंबर 2023 मध्ये सर्व पुरावे आधीच्या अर्जाचा संदर्भ क्रमांक घालून पाठवले. पुढे बराच काळ काहीच घडले नाही. दोन स्मरणपत्रांना छापील उत्तर आले, एकदा कागद सापडत नसल्याने ते पुन्हा मागवले गेले. आमच्याकडे साक्षांकित प्रतींचा दुसरा संच होता, म्हणून आठवडाभरात काम झाले. दोन संच करा, असे मी सर्वांना सांगते.

निधीचे पत्र 2024 च्या फेब्रुवारीत आले आणि महिनाभरात 5,000 युरो जमा झाले. ही रक्कम करमुक्त आहे आणि सामाजिक साहाय्य घेणाऱ्यांच्या साहाय्यातून ती वजा होत नाही. सासूबाईंनी दातांचे थकलेले काम करून घेतले, उरलेले पैसे बँकेत ठेवले. त्यांना आनंद झाला का, असे माझ्या आईने फोनवर विचारले. मला वाटते, पैशांपेक्षा त्या पत्रातल्या एका वाक्याने त्यांना बरे वाटले असावे, ज्यात त्यांची परिस्थिती मान्य केली होती. अर्थात त्याच पत्रात हेही होते की ही मदत स्वेच्छेने दिलेली आहे आणि तिच्यातून कुठलाही हक्क निर्माण होत नाही.

फेरतपासणीचा निर्णय जुलै 2024 मध्ये आला. 1986 च्या शरद ऋतूपासून 1989 अखेरपर्यंतचा काळ पाच-षष्ठांशाने मान्य झाला. महिन्याची वाढ शंभर युरोंच्या थोडी आत आहे, आणि 2019 पासूनची थकबाकी वेगळी मिळाली. 1990 चे पहिले सहा महिने मात्र नामंजूर झाले. दैनंदिनी ऑक्टोबरमध्ये संपते, श्टुटगार्टच्या बाई फेब्रुवारीत निघून गेल्या आणि गेराच्या बाई डिसेंबरपासून बाळंतपणाच्या रजेवर होत्या. त्या अर्ध्या वर्षात सासूबाई गिरणीत होत्या, हे सांगणारे कुणी उरले नाही.

निर्णयावर हरकत घ्यायला एक महिन्याची मुदत असते आणि तिला शुल्क नसते. सासूबाई म्हणाल्या, राहू दे आता. दोन दिवसांनी त्यांनीच विचारले की महिना कधी संपतो. ऑगस्टमध्ये हरकत दिली. सोबत 1990 च्या मे महिन्याचे गिरणीच्या उपाहारगृहाचे एक कुपन जोडले, जे त्यांच्या शिवणाच्या डब्यात निघाले. हलाखी निधीचे अर्ज 31 जानेवारी 2024 रोजी बंद झाले आहेत, पण फेरतपासणीचा अर्ज आजही करता येतो. त्यासाठी पहिल्या दिवशी लागतात ते फक्त विमा क्रमांक, निर्णयाची तारीख आणि सही.